निळं राहिलेलं दूध

दूध नासलं की लहान पोरालाही कळतं. वास येतो, गाठी होतात, घरात आरडाओरडा होतो. न नासणाऱ्या दुधाचा संशय घ्यायला मात्र मला सात वर्षं लागली, आणि तेही रसायनशास्त्राची पदवी हातात असताना. तीच गोष्ट सांगायला बसले आहे. नोकरीतल्या बाकी वर्षांचं काय सांगू? रोज सकाळी कॅन यायचे आणि रोज मी कुणावर तरी डाफरायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. काष्टीच्या बाजूला एका दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं, तिथली मी केमिस्ट. तो संघ आता राहिला नाही. मी मूळची कर्जतची, आमच्या बौद्धवाड्यातली पहिली पदवीधर मुलगी. केंद्रावर आले तेव्हा दुधाची चव घेऊन ते पास-नापास करणारी ही बाई कोण, हे काहींच्या घशाखाली उतरत नव्हतं. माझ्या हातचा पेला पुढं केला की दोघंतिघं हळूच खिडकीबाहेर बघायचे. पहिल्याच आठवड्यात दही विभागाचे बबनमामा स्वतःच्या घरची वाटी घेऊन आले, त्यात दही वाढलं, माझ्यापुढं ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “मॅडम, चव सांगा. तुमी हो म्हनल्याबिगर म्या चक्क्याचं पोतं उतरत न्हाई.” मी चमचाभर खाल्लं, उरलेलं त्यांनी त्याच वाटीत त्याच चमच्यानं संपवलं. त्यानंतर कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही.

हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढं मी या माणसाशी कशी वागले तेही सांगायचं आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, दूध तपासणं म्हणजे पाणी किती घातलंय ते पकडणं. अहो, ते सगळ्यात सोपं. लॅक्टोमीटर सोडला की डिग्री कळते, फॅट काढलं की उरलेलं बिंग फुटतं. खरी पंचाईत स्वच्छतेची. दूध किती स्वच्छ हाताने काढलं, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आमच्याकडे निळी परीक्षा होती. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, त्यात मेथिलीन ब्लूचं निळं पाणी घालायचं आणि नळी कोमट पाण्यात ठेवून द्यायची. दुधात जंतू जितके जास्त तितका तो रंग लवकर उडतो. अर्ध्या तासात नळी पांढरी झाली तर समजावं, कॅनसुद्धा धुतलेला नाही. चार-पाच तास निळी राहिली तर दूध उत्तम.

या परीक्षेचं मला फार वेड. मी गावोगावच्या सोसायट्यांची नावं लावून नळ्या मांडायचे आणि घड्याळ घेऊन बसायचे. एका गावाचं दूध सगळ्यांना मागं टाकायचं. गावाचं नाव सांगत नाही, ते अजून चांगलं दूध घालतं. दुपारचा डबा खाऊन यावं, तरी त्यांची नळी निळीशार. मी संघाला सांगून ‘सर्वांत स्वच्छ दूध’ म्हणून प्रमाणपत्र काढायला लावलं, खाली सही माझी. त्या सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा यांनी ते काचेच्या चौकटीत घालून सोसायटीच्या भिंतीवर टांगलं. दोन वर्षं ओळीने त्यांनाच. गाव तसं खरोखर नेटकं, बाया कास धुऊन दूध काढायच्या, हेही खोटं नाही. त्या निळ्यात स्वच्छतेचं किती होतं आणि दुसऱ्या गोष्टीचं किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

सणासुदीला केंद्रावर श्रीखंडासाठी चक्का व्हायचा. त्याचं दही लावायचं काम बबनमामांचं, पंचवीसेक वर्षांपासूनचं. दूध तापवून कोमट झालं की ते मनगटाची आतली बाजू पातेल्याला लावून बघायचे. थर्मामीटर माझ्या समाधानासाठी. दही चांगलं लागावं म्हणून चक्क्याला मी अण्णांच्याच गावचं दूध राखून ठेवायचे. पहिल्या नंबरचं दूध ना! बबनमामा एकदोनदा कुरकुरले होते, “मॅडम, ह्या गावचं दूध आळशी हाय. लागाया लई येळ घेतंय.” मी फटकन म्हणाले होते, “मामा, दूध आळशी नसतं. तुमचं विरजण म्हातारं झालंय.” ते हसले आणि पातेल्याकडे वळले. माझी जीभ अशीच होती, आणि बीएस्सीचा माज वेगळा.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस लागून राहिला. गोठे ओले, शेणाचा चिखल, आणि गाई दगडीने बसल्या. दगडी म्हणजे गाईची कास सुजून दगडासारखी घट्ट होते, सड दुखतं, दुधात गाठी येतात. दसऱ्याच्या चार दिवस आधी चक्क्याचं दही लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनमामांनी झाकण काढलं आणि मला हाक मारली. मोठ्या टाकीत दूध जसंच्या तसं. पळी फिरवली तर पाण्यासारखी फिरली. आणखी एक दिवस थांबलो, तरी तसंच. दसऱ्याच्या श्रीखंडावर पाणी पडलं, गावोगावच्या दुकानदारांना काय तोंड दाखवायचं हा प्रश्न पडला.

चेअरमन तापट. त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. बबनने सोड्याने धुतलेलं भांडं नीट विसळलं नाही, विरजण मारलं, हयगय केली. सोमवारी संचालकांची बैठक होईल, त्यात त्याला काढायचं की कसं ते ठरेल, तोवर त्याने केंद्रात पाऊल टाकायचं नाही. मला विचारलं, “दूध कसं होतं?” मी छाती पुढं काढून म्हणाले, “दूध सर्वोत्तम होतं, साहेब. निळ्या परीक्षेत पहिलं.” तेव्हा बबनमामा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि गेले. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला माणूस. माझ्या त्या एका वाक्याने त्यांचा गळा आवळला गेला, हे मला त्या क्षणी कळलंसुद्धा नाही.

कळलं दुपारी. टाकी रिकामी करायची म्हणून मी झाकण उघडून वाकले आणि नाक आत घातलं. काही नाही. आंबूस नाही, कडवट नाही. आश्विनातला उकाडा, दोन दिवस कोमट राहिलेलं दूध, आणि त्याला साधा आंबट वाससुद्धा नाही! विरजण मेलं म्हणून दही लागलं नाही, हे एक वेळ मान्य. पण मग ते दूध नासायला हवं होतं. दह्याचे जंतू वाढले नाहीत आणि नासवणारेही वाढले नाहीत, म्हणजे त्या दुधातच असं काहीतरी होतं जे जंतूंना वाढू देत नव्हतं. आणि जे जंतूंना वाढू देत नाही, ते माझी नळीही निळी ठेवणार. दिवसभर ठेवणार.

मी तिथंच टाकीला टेकून उभी राहिले. पेनिसिलीन दिलेल्या जनावराच्या दुधाला विरजण लागत नाही आणि निळी परीक्षा फसते, ही ओळ मी कॉलेजात वाचलेली होती. परीक्षेसाठी तिच्याखाली रेघही मारली होती. परीक्षेत प्रश्न आला नाही, म्हणून मी ती ओळ विसरून गेले होते. स्वतःला दोन मुस्काटात माराव्यात असं वाटलं.

दुसऱ्या सकाळी आलेल्या प्रत्येक सोसायटीच्या कॅनमधून थोडं दूध घेतलं, उकळलं, कोमट केलं. बबनमामांच्या ज्या विरजणाला सगळे मेलेलं म्हणत होते, तेच थंड खोलीतून काढून प्रत्येक नळीत घातलं. संध्याकाळी नळ्या तिरप्या करत गेले. लागलं. लागलं. हेही लागलं. सगळ्या गावांचं दही घट्ट, एकट्या अण्णांच्या गावची नळी तिरपी केली तर दूध काठापर्यंत आलं. विरजण खणखणीत होतं. बबनमामांचा काडीचा दोष नव्हता.

चेअरमनना दाखवलं तर अण्णा तिथंच बसलेले. ते उसळलेच, “बाई, नळीत काय पन दिसतंय. तुमी आन् बबन एका माळेचे मनी. आमच्या दुधाला तुमचंच सर्टिफिकेट हाय, आनून दावू का?” चेअरमन म्हणाले, “गावातल्या कुणी कबूल केलं तर बोला. नळीवर मी कुणाला दोषी धरणार नाही.” आता बोला! बबनला त्यांनी नळीशिवायच दोषी धरलं होतं.

म्हणून रविवारी मी त्या गावाला गेले. घरोघर फिरले, गाय दगडीने आजारी होती का, औषध घातलं का, विचारलं. सगळीकडे एकच उत्तर. आमच्यात न्हाई बाई, पलीकडं विचारा. अण्णा माझ्या आधी गावात फिरून गेले होते, हे मला चौथ्या घरात कळलं. गावात एक डॉक्टर म्हणवणारा मोटरसायकलवरून यायचा, सडात औषधाची नळी पिळायचा आणि जायचा. त्यानंतर तीन दिवस दूध ओतून द्यायचं असतं, हे सांगायला तो थांबत नसे. सांगितलं असतं तरी दूध ओतून कोण देणार?

शेवटचं घर हौसाबाईंचं. पन्नाशीच्या, किडकिडीत, अण्णांच्याच भावकीतल्या. नवरा आणि मुलगा-सून दर साल ऊसतोडीला जायचे. घोडेगावच्या बाजारातून संकरित गाय आणल्यापासून बाईंनी कोयता सोडला होता आणि त्या नातवंडांना घेऊन घरी राहत होत्या. दसरा होऊन गेला होता, ऊसतोडीच्या गाड्या निघणार, घरात तीच बांधाबांध चाललेली. मी दारात उभी राहून तोच प्रश्न विचारला.

त्या म्हणाल्या, “व्हय. माज्या गाईला पिळलंया औषद. एका सडात, तीन दिस.”

मी दचकलेच. विचारलं, “मग ते दूध काय केलंत?”

“डेरीला घातलं.”

“घरात वापरलं नाही?”

“न्हाई बा! औषदाचं दूध लेकरान्ला कसं पाजू? यक डाव विरजन लावून बघितलं, लागलंच न्हाई. म्हनलं ह्यात काय तरी हाय. मंग समदं डेरीला घातलं.”

मी डोक्याला हात लावला. या बाईने अगदी निष्पाप चेहऱ्याने सांगितलं होतं की जे नातवंडांना नको ते तिने हजारो घरांच्या लेकरांना पाठवलं. आणि त्याच दमात हेही, की माझी प्रयोगशाळा जे सात वर्षांत पकडू शकली नाही ते तिने एका वाटीत पकडलं होतं.

“कुणाला सांगितलं का नाहीत, बाई?”

“इचारलं कुनी? तुमी डिगरी इचारता, फ्याट इचारता. गाय आजारी हाय का, आसं कुनी इचारलं?”

मी तिथंच ओट्यावर बसले आणि त्यांना बबनमामांचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, माझं ते वाक्यसुद्धा. उद्या बैठकीत येऊन बोलाल का, विचारलं. हौसाबाई बराच वेळ दोरीची गाठ मारत राहिल्या. म्हणाल्या, “बोलले तर माजं दूध बंद करतील. दूध बंद झालं तर मला बी कोयता घिऊन जावं लागंल. लेकरं संगं.” मग म्हणाल्या, “त्या मानसाचं घर कुटं हाय?” मी सांगितलं, काष्टीच्या बाजारतळामागं. त्यांनी येते म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही.

सोमवारी बैठक. टेबलाभोवती संचालक, भिंतीला टेकून बबनमामा, धुतलेला सदरा घालून. मी माझ्या नळ्या मांडल्या आणि समजावून सांगू लागले. अण्णांनी पिशवीतून ती काचेची चौकट काढून टेबलावर ठेवली. “ह्या बाईंनी दोन साल आमचं दूध पयलं ठरवलंया. सही कुनाची हाय, वाचा.” चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “माझी,” आणि पुढचं वाक्य मला फुटेना. पुढचं वाक्य असं होतं की हे प्रमाणपत्र चुकीचं आहे, मी फसले, आणि टाकीत हे दूध मीच मुद्दाम घालायला लावलं. तोंडाशी आलेलं ते वाक्य मी गिळलं. पगारवाढ डोळ्यांपुढं आली, आणि बिनशिकलेल्या माणसांसमोर चूक कबूल करण्याची लाज आली. खरं ते सांगते.

तेवढ्यात दार ढकलून हौसाबाई आत आल्या. डोईवर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या दोन वाट्या. भावकीतले अण्णा पुढं दिसताच त्यांनी पदर आणखी ओढला, पण पाय थांबले नाहीत. वाट्या टेबलावर ठेवल्या, फडकं सोडलं.

“ही म्हशीच्या दुधाची, शेजारच्या. ही माज्या गाईची, औषदाची; सड सुदरंना म्हनून परवा परत पिळलंया. काल दिस कलताना ह्या दादांच्या घरी गेल्ते, डेरीत लावत्यात त्येच विरजन त्यांच्या मालकिनीकडून मागून आनलं. दोन्हीत त्येच घातलं. बगा.” एक वाटी त्यांनी सरळ उलटी धरली. दही जागचं हललं नाही. दुसरी नुसती कलंडवली तर दूध अण्णांच्या चौकटीवर सांडलं.

“ह्या दादांचं विरजन चांगलं हाय. दूध माजं वाईट हुतं. म्याच घातलं, तीन दिस. आनखी बी घरांनी घातलंय, पन त्यांचं मी सांगनार न्हाई. ज्याचं त्यानं सांगावं.”

मला शरम वाटली. कोयता आणि लेकरं पुढं दिसत असताना ही बाई दहा पुरुषांसमोर उभी राहून बोलली होती, आणि मी पगारवाढीसाठी गप्प बसले होते. मी उठले आणि म्हणाले, “साहेब, प्रमाणपत्र चुकीचं आहे. माझी परीक्षा फसली. चक्क्याला हे दूध मीच निवडलं. मामांनी दोनदा सांगितलं होतं, मी त्यांची चेष्टा केली.” अण्णा चौकट पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चेअरमन बबनमामांकडे वळून म्हणाले, “ठीक आहे, बबन, उद्यापासून ये.” माफी वगैरे नाही, तेवढंच. मग कागद ओढला आणि म्हणाले, “या बाईंचं दूध मात्र आजपासून बंद. जरब बसली पाहिजे.”

हौसाबाईंनी वाट्या गोळा करायला घेतल्या. त्यांना हेच अपेक्षित होतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात भिंतीजवळून आवाज आला. आठ दिवसांत ज्याने तोंड उघडलं नव्हतं तो माणूस बोलत होता.

“साहेब, हिचं दूध बंद केलं तर उद्या दुसरी कुनी सांगंल का? म्या तर न्हाई सांगनार.” बबनमामा टेबलापाशी आले. “औषदाचं दूध येगळं आना म्हना. सांगून आनलं तर दूध ओता, पन पैकं द्या. न सांगता घातलं तर बंद करा. आन् बंद करायचंच आसंल तर आधी मला काढा, कारन ही आली न्हाई तर तुमी मला काढलाच हुता.”

चेअरमननी खूप वेळ पेन टेबलावर आपटलं. मग लिहिलेलं खोडलं. त्या दिवशी ठरलं ते पुढं संघ असेपर्यंत चाललं: प्रत्येक सोसायटीत लाल पट्ट्याचा एक वेगळा कॅन, औषधाच्या दुधासाठी. दूध घेताना पहिला प्रश्न, गाय आजारी आहे का. आणि मी रोज सकाळी प्रत्येक गावच्या दुधाला बबनमामांचं विरजण लावून बघायचं, निळी नळी नंतर. माझी पगारवाढ त्या वर्षी थांबली. चांगलं झालं, डोकं ठिकाणावर आलं. पुढं मोठमोठी यंत्रं आली, परदेशी पट्ट्या आल्या, पाच मिनिटांत निकाल देणाऱ्या. मी त्या वापरल्या, त्यांचं कौतुकही केलं. पण माझ्या कामातला सगळ्यात मोठा तपासनीस कोण, असं कुणी विचारलं तर मी एका वाटीवाल्या बाईचं नाव घेते, आणि लोकांना वाटतं मी गंमत करते.

बैठक संपल्यावर आम्ही तिघं फाटकाबाहेर रस्त्याला उभे होतो, हौसाबाईंच्या गावच्या टेम्पोची वाट बघत. मी माझीच बडबड करत होते. औषधाचा अंश किती दिवस राहतो, किती दुधात मिसळला तरी तो कळतो, असलं काही. हौसाबाई मान हलवत होत्या. टेम्पो आला, त्या चढल्या, आणि बबनमामा फळीला धरून म्हणाले,

“ताई, गाय बरी हाय का आता?”

इतक्या दिवसांत आम्ही सगळ्यांनी त्या गाईच्या दुधाबद्दलच विचारलं होतं. मी, अण्णा, चेअरमन, सगळ्यांनी. बैठकीत एक टिपूस न गाळलेल्या हौसाबाईंचा चेहरा एकदम पिळवटला. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि टेम्पो हलल्यावर मागं वळून ओरडून सांगितलं, “तीन सडं बरी हायती, दादा. यक गेलं.”